काल्पनिक यानाचे दफ्तर

जी वस्तू जगात कधी अस्तित्वातच नव्हती, तिची हुबेहूब प्रतिकृती घडवावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न विज्ञानकथेतील अंतराळयानांचे प्लास्टिकचे संच जोडणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडतोच. आगबोटीची किंवा विमानाची प्रतिकृती करणाऱ्याला मूळ वस्तूची छायाचित्रे, आराखडे आणि मोजमापे यांचे दाखले हाताशी ठेवता येतात. कल्पित यानाला आधार असतो तो केवळ पडद्यावरच्या दर्शनाचा. आणि तरीही एखादे उत्तम रीतीने जोडलेले यान पाहिले, की ते शेकडो मीटर लांब असावे आणि त्यात माणसे नांदत असावीत, अशी खात्री मनाला पटून जाते. ही खात्री मुख्यतः त्याच्या अंगावरील बारीकसारीक खुणांतून निर्माण होते, आणि त्या खुणा उमटविण्याची विद्या मोठ्या चिकाटीची आहे.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. मॅट जेफरीज यांनी तिच्यासाठी संकल्पिलेल्या ‘एंटरप्राइझ’ या यानाची चित्रीकरणासाठी केलेली सुमारे ११ फूट लांबीची प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. मालिकेच्या काळातच ‘एएमटी’ कंपनीने या यानाचा संच बाजारात आणला, आणि २०१२ साली १:३५० या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ८२ सेंटिमीटर लांबीचा, भव्य संच निघाला. ज्या १९६६ साली हे यान जन्मले, त्याच साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि तिच्याच १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवून डॉ. जयंत नारळीकरांनी पारितोषिक मिळविले. कल्पिताला शास्त्राचे आणि तपशिलाचे अधिष्ठान असले पाहिजे, हा जो आग्रह नारळीकरांच्या कथांतून मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला, तोच प्रतिकृतिकाराला हातांनी पाळावा लागतो.

संच उघडला, की प्लास्टिकच्या चौकटींत जखडलेले सुटे भाग समोर येतात. हे पॉलिस्टायरीन जातीचे प्लास्टिक वितळवून पोलादी साच्यांत दाबाने भरलेले असते, आणि त्यावर साच्यातील तेलकट द्रव्याचा अंश राहिलेला असू शकतो. म्हणून सारे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घेणे, हे पहिले काम होय. मग प्रत्येक भाग चौकटीपासून किंचित अंतर राखून कटरने तोडावयाचा, उरलेला कोंब धारदार पात्याने काढावयाचा आणि ती जागा ओल्या वॉटर पेपरने घासून सपाट करावयाची. जोडणीसाठी वापरतात ते द्रावण प्लास्टिकची कड क्षणभर विरघळविते आणि उडून गेल्यावर दोन भाग एकजीव करून ठेवते. एंटरप्राइझची पुढची तबकडी १:३५० या प्रमाणात सुमारे ३६ सेंटिमीटर व्यासाची होते. एवढ्या मोठ्या घेराचा सांधा लांबी (पुट्टी) भरून, वाळवून आणि घासून नाहीसा करावा लागतो. सांधा मिटला अशी समजूत झाल्यावर अस्तराचा राखाडी हात द्यावा, तो डोळ्यांना न दिसलेली प्रत्येक रेघ लख्ख उघडी पडते, आणि लांबी व वॉटर पेपर यांचा क्रम पुन्हा मुळापासून सुरू होतो.

रंग वाळल्यावर डेकलांची पाळी येते. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवावयाची छापील चित्रे आणि अक्षरे. खाली पाणी शोषणारा कागद, त्यावर पाण्यात सुटणारी खळ आणि वर अक्षरे धारण करणारा अत्यंत तलम पारदर्शक पापुद्रा, अशी त्याची तीन पदरी रचना असते. रंगाचा पृष्ठभाग खरखरीत राहिला, तर पापुद्र्याखाली हवा अडकून अक्षरांभोवती चंदेरी डाग पडतात. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात देणे अगत्याचे असते. एक तुकडा कापून कोमट पाण्यात काही क्षण बुडवावा, बाहेर काढून खळ सैल होऊ द्यावी, आणि पापुद्रा कागदावर सरकू लागला की ओल्या कुंचल्याने तो नेमक्या जागी उतरवावा. खालचे पाणी टिपून घेतल्यावर वरून मऊ करणारे द्रावण लावतात, त्यासरशी बसविलेले अक्षर सुरकुतून जाते. नवशिक्याचा जीव या क्षणी घाबरा होतो आणि बोट पुढे सरसावते. पण बोट आवरणे हेच येथले खरे कौशल्य. द्रावण सुकत गेले, की पापुद्रा कोरीव रेषांत उतरून रंगाशी एकरूप होतो. मग ओल्या फडक्याने उरलेली खळ पुसून वर मंद वार्निशचा हात दिला, की हे काम पुरे झाले.

१:३५० या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस जेमतेम ५ मिलिमीटरचा होतो. तेव्हा दरवाजाच्या कडेला मिलिमीटरभर उंचीची सूचना दिसली, की पाहणारा ती वाचू शकला नाही तरी त्याची दृष्टी आपसूक हिशेब करते आणि यान प्रचंड असल्याचा निवाडा देते. शिवाय खूण म्हणजे साक्ष असते. ही वस्तू कोणीतरी मोजली, तपासली, आपल्या दफ्तरी दाखल केली, असे ती सांगते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील माणसाला हे समजावयास दूर जावे लागत नाही. बल्लारशा स्थानकात कोळशाची मालगाडी उभी असली, म्हणजे प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक दिसतो, आणि त्यात वाघिणीचा प्रकार, मालक रेल्वे आणि बांधणीचे वर्ष यांची नोंद असते. शेजारी रिकाम्या वाघिणीचे वजन आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. आलापल्लीच्या लाकूड आगारात सागवानाच्या प्रत्येक ओंडक्यावर वनखात्याच्या हॅमरचा ठसा असतो आणि क्रमांक घातलेला असतो. त्या शिक्कामोर्तबावाचून ओंडका म्हणजे नुसते बेवारस लाकूड. ज्याने ही नोंद डोळे उघडे ठेवून वाचली, त्याला यानावर कोठे कोणती खूण शोभेल हे सांगावे लागत नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या कारागिरांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या बाजारी संचांतील तुकडे आपल्या यानांवर चिकटविले आणि वर धुळीचे, काजळीचे थर चढविले, तेही याच दृष्टीने. वापरलेली वस्तू खरी वाटते. खाणीतून येणाऱ्या डंपरवर कोळशाची भुकटी कोणत्या खाचेत साठते आणि पावसात तिचे ओघळ कसे उतरतात, हे पाहिलेल्या हाताला तो रंग उपजतच येतो.

या मुलुखाचे हवामान मात्र या कामाला आपले पंचांग घालून देते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांच्या घरात गेला, की फवाऱ्याने मारलेला रंग हवेतच सुकून पृष्ठभागावर भुकटी होऊन बसतो, आणि डेकल जागेवर सरकविण्यापूर्वीच त्याखालचे पाणी उडून जाते. श्रावणाच्या दमट हवेत लॅकर जातीचे वार्निश मारावे, तर त्यातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि वार्निश दुधाळ पडते. म्हणून कापणे, घासणे, लांबी भरणे ही कामे उन्हाळ्यापावसाळ्यात उरकून रंग आणि डेकल यांसाठी दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ राखून ठेवणे, ही येथील प्रतिकृतिकाराने करावयाची उचित तजवीज होय.

दूरच्या ताऱ्यांची कल्पना करावयाची, तर दृष्टी जवळच्या वस्तूंवरून काढून घ्यावी लागते, असा एक समज रूढ आहे. यानांचे संच जोडण्याचा छंद त्याच्या अगदी उलट शिकवण देतो. वाघिणीवरचा आकडा, ओंडक्यावरचा ठसा आणि डंपरवरचा ओघळ ज्याने मन लावून पाहिला, त्याच्याच हातून कधी न उडालेले यान विश्वसनीय होते. आणि हे निरीक्षणाचे भांडवल चंद्रपूरच्या किंवा सिरोंच्याच्या मुलाजवळ कोणत्याही चित्रपटनगरीतील कारागिराइतकेच आहे. ते वापरावयास त्याला कोणी सांगितले पाहिजे, आणि घरात एक टेबल, चांगला उजेड व थोडी सवड दिली पाहिजे, एवढेच.