'गोल्डन बॉल'चा मानकरी ठरतो कसा?

नवी दिल्ली : फुटबॉलच्या विश्वचषकात सर्वाधिक गोल कोणी केले, हे मोजून सांगता येते. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू कोण, हे मात्र मोजता येत नाही. ते कोणाला तरी ठरवावे लागते. म्हणूनच सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणाऱ्या 'गोल्डन बूट'बाबत सहसा वाद होत नाही, तर सर्वोत्तम खेळाडूच्या 'गोल्डन बॉल'वरून मतभेद झडतात. निवड कोण करतो आणि केव्हा करतो, या दोन प्रश्नांभोवती या पुरस्काराचा इतिहास फिरतो.

'गोल्डन बूट'चे निकष स्पष्ट आहेत. गोलसंख्या समान असल्यास सहकाऱ्यांच्या गोलांना दिलेले साहाय्य पाहिले जाते आणि तेही समान असल्यास मैदानावर कमी वेळ घालवणारा खेळाडू वरचढ ठरतो. दक्षिण आफ्रिकेतील २०१०च्या स्पर्धेत थॉमस म्युलर, डेव्हिड व्हिया, वेस्ली स्नायडर आणि दिएगो फोर्लान या चौघांचे प्रत्येकी ५ गोल होते. त्यांत ३ गोलांना साहाय्य केलेल्या जर्मनीच्या म्युलरला पुरस्कार मिळाला.

त्याच स्पर्धेतील 'गोल्डन बॉल'चा निर्णय वेगळ्या मार्गाने झाला. फिफाच्या तांत्रिक अभ्यास गटाने १० खेळाडूंची यादी तयार केली आणि त्यांतून पत्रकारांनी मतदान केले. चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या उरुग्वेच्या फोर्लानला २३.४ टक्के, तर उपविजेत्या नेदरलँड्सच्या स्नायडरला २१.८ टक्के पसंती मिळाली. फरक अवघा १.६ टक्क्यांचा होता.

अंतिम सामन्याआधीचा कौल

विश्वचषकात हा पुरस्कार १९८२ पासून दिला जातो. पहिला मान इटलीच्या पाओलो रॉसीला मिळाला. निवडीच्या पद्धतीतील उणीव ठळकपणे समोर आली ती २००२ मध्ये. अंतिम सामन्यापूर्वीच्या सहा लढतींत केवळ एक गोल स्वीकारणारा जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याच्या पारड्यात मते पडली होती. योकोहामा येथे ३० जून रोजी झालेल्या अंतिम सामन्यात मात्र त्याच्या हातून चेंडू निसटला आणि ब्राझीलच्या रोनाल्डोने संधी साधली. रोनाल्डोने आणखी एक गोल करून ब्राझीलला २-० असा विजय मिळवून दिला आणि स्पर्धेतील आपली गोलसंख्या ८ वर नेली. तरीही सर्वोत्तम खेळाडू ठरला तो कान. विश्वचषकात हा मान मिळवणारा तो पहिला गोलरक्षक होय.

बर्लिनमध्ये ९ जुलै २००६ रोजी हीच त्रुटी अधिक नाट्यमय रीतीने उघड झाली. फ्रान्सचा कर्णधार झिनेदिन झिदानने सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. पण अतिरिक्त वेळेत इटलीच्या मार्को मातेराझ्झीच्या छातीवर डोके आपटल्याबद्दल त्याला लाल कार्ड दाखवण्यात आले. इटलीने पेनल्टी शूटआउटमध्ये ५-३ अशी बाजी मारली. दुसऱ्या दिवशी निकाल जाहीर झाला तेव्हा झिदानला २,०१२ आणि इटलीचा कर्णधार फाबियो कान्नावारोला १,९७७ गुण होते. अनेक पत्रकारांनी मध्यंतराच्या सुमारासच मत नोंदवल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. ते खरे धरले, तर या ३५ गुणांच्या फरकात मतदानाच्या वेळेचाही वाटा असणार.

तज्ज्ञ आले, वाद राहिला

ब्राझीलमधील २०१४च्या स्पर्धेत ही निवड फिफाच्या तांत्रिक अभ्यास गटाने केली. प्रत्येक सामन्याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांचा हा गट असतो. त्याने अर्जेंटिनाच्या लिओनेल मेस्सीची निवड केली. मेस्सीचे ४ गोल होते आणि ते सर्व उपउपांत्यपूर्व फेरीपूर्वीचे, म्हणजे साखळी सामन्यांतील होते. कोलंबियाच्या हामेस रॉड्रिगेजने ६ गोल केले होते, तर विजेतेपद जर्मनीने पटकावले होते. फिफाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनीही या निवडीबद्दल आश्चर्य व्यक्त केले. घाईत दिलेल्या मतांचा दोष तज्ज्ञांमुळे दूर होऊ शकतो. पण संपूर्ण स्पर्धेतील सातत्य महत्त्वाचे की निर्णायक सामन्यातील कामगिरी, हा प्रश्न त्यांच्यापुढेही उरतोच.

१९८२ ते २०२२ या ११ स्पर्धांपैकी केवळ चार वेळा विजेत्या संघातील खेळाडूला हा पुरस्कार मिळाला : रॉसी, १९८६ मध्ये दिएगो मॅराडोना, १९९४ मध्ये रोमारिओ आणि २०२२ मध्ये मेस्सी. कतारमध्ये ८ गोल करून 'गोल्डन बूट' किलियन एम्बापेने जिंकला, तर ७ गोल करणारा मेस्सी दोनदा 'गोल्डन बॉल' मिळवणारा पहिला खेळाडू ठरला.

याच ११ स्पर्धांत एकाही बचावपटूला हा मान लाभलेला नाही. गोल सर्वांच्या लक्षात राहतो. न झालेला गोल कोणामुळे टळला, हे फारसे कोणी आठवत नाही. बचावपटू असलेला कान्नावारो या पुरस्काराच्या सर्वांत जवळ पोहोचला होता. त्याच वर्षी त्याने 'बॅलन डी'ओर' जिंकला, ही बाब २००६च्या निकालाविषयी पुरेशी बोलकी आहे.

युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत चित्र थोडे निराळे आहे. तेथे १९९६ मध्ये जर्मनीच्या बचावफळीचा आधार असलेला मथियास झामर सर्वोत्तम ठरला. २०२४ मध्ये युएफाच्या तांत्रिक निरीक्षकांनी स्पेनचा मध्यरक्षक रॉड्रीची निवड केली. दुखापतीमुळे तो अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात खेळूही शकला नव्हता. एका रात्रीपेक्षा महिनाभराच्या खेळाला वजन देण्याचा हा निर्णय होता.

भारतातील मानकरी

भारतातही हा पुरस्कार दोनदा प्रदान झाला आहे. १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात २८ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असे नमवले. ८ गोल करणाऱ्या रियान ब्रूस्टरला 'गोल्डन बूट', तर त्याचा सहकारी फिल फोडेनला 'गोल्डन बॉल' मिळाला. पाच वर्षांनी नवी मुंबईत संपलेल्या मुलींच्या स्पर्धेत हा मान स्पेनच्या विकी लोपेझने पटकावला.

सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीला गणिती अचूकता येणे शक्य नाही. मात्र शेवटची शिटी वाजेपर्यंत निर्णय राखून ठेवणे आणि निवडीचे निकष आधीच जाहीर करणे, एवढे निश्चितच शक्य आहे. २००२ आणि २००६ या दोन स्पर्धांनी दिलेला धडा हाच आहे.