क्रीडा मोटारगाड्यांचे कार्ब्युरेटर : दुरुस्ती व बदल

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरांत जाणाऱ्या हवेत पेट्रोलचे सूक्ष्म तुषार ठराविक प्रमाणात मिसळणाऱ्या साधनास कार्ब्युरेटर म्हणतात. वजनाने १४·७ भाग हवेस १ भाग पेट्रोल असे मिश्रण असल्यास ज्वलन पूर्ण होते. पेट्रोल याहून अधिक असल्यास मिश्रणास संपन्न व कमी असल्यास विरल म्हणतात. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाने पेट्रोल फवारण्याची पद्धत रूढ झाल्यावर नव्या मोटारगाड्यांतून कार्ब्युरेटर नाहीसा झाला. जतन केलेल्या जुन्या क्रीडा मोटारगाड्यांची (स्पोर्ट्‌स कारची) चाल मात्र आजही त्याच्यावरच अवलंबून असते.

मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या प्रवासी गाडीत स्थिर कंठाचा एकच कार्ब्युरेटर असे. ब्रिटिश क्रीडा मोटारगाड्यांत बहुधा एसयू जातीचे कार्ब्युरेटर जोडीने बसविलेले आढळतात. एमजी टीसी (१९४५–४९), एमजीए (१९५५–६२) व एमजीबी (१९६२–८०) या गाड्यांत असे दोन कार्ब्युरेटर असत, तर १९६१ च्या जग्वार ई-टाइपमध्ये तीन. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ च्या सुमारास या जातीचा शोध लावला. तिच्यातील हवेचा मार्ग स्थिर नसतो. एंजिनाच्या शोषणाने एक दट्ट्या वर उचलला जातो व मार्ग रुंदावतो; दट्ट्याला खाली जोडलेली निमुळती सुई त्याच वेळी जेटमधून वर सरकते व पेट्रोलची वाटही तितकीच मोठी होते. सुरुवातीस दट्ट्याच्या जागी चामड्याचा भाता असे. रचना इतकी साधी आहे, की बिघाडाचे कारण बहुधा झीज हेच निघते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी झडपांमधील फट व ठिणगीची वेळ तपासणे आवश्यक असते. कार्ब्युरेटरच्या माथी मारले जाणारे कितीतरी दोष प्रत्यक्षात ठिणगीचे असतात. ती शंका फिटल्यावर प्रथम पाहावयाची जागा म्हणजे थ्रॉटल झडपेचा आस. आस व त्याची भोके झिजली, की तेथून जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण विरल होते आणि मंद फेऱ्यांवर एंजिन स्थिर राहत नाही. स्क्रू कितीही फिरविले तरी हा दोष जात नाही. भोके मोठी करून त्यांत बुश बसविणे व नवा आस घालणे हाच उपाय होय. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ओतकाम व लेथकाम जाणणाऱ्या कारागिरास हे काम अवघड नाही. सुई व जेट यांचे तसे नाही. सुईची जाडी दर एक अष्टमांश इंचावर ठरलेली असते व त्या मापांनुसार तिला सांकेतिक अक्षरे दिलेली असतात. नजरेने जुळणारी सुई चालत नाही. सुई व जेट एकदमच बदलणे इष्ट असते. दट्ट्या व त्यावरील टोपण परस्परांशी जुळवून घडविलेले असल्याने दोन कार्ब्युरेटरांतील टोपणांची अदलाबदल करू नये, तसेच ती आतून पॉलिश कागदाने घासू नयेत.

जोडणी झाल्यावर दट्ट्या बोटाने उचलून सोडला असता तो ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करीत खाली बसला पाहिजे. न बसल्यास सुई जेटच्या मध्यावर नाही असे समजावे. टोपणातील नळीत पातळ वंगण तेल घालावे लागते. ते विसरल्यास वेग वाढविताना एंजिन अडखळते. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात की नाही, हे रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून सूं असा आवाज ऐकून ठरवितात. यासाठी मापकेही मिळतात, पण जुने मिस्त्री कानावरच भिस्त ठेवतात. शेवटी दट्ट्या सु. ०·८ मिमी. उचलून पाहतात. फेऱ्या वाढून तशाच राहिल्या तर मिश्रण संपन्न, लगेच घटल्या तर विरल, व क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाल्या तर योग्य असते.

मूळ कार्ब्युरेटर काढून दुसऱ्या जातीचा बसविणे हे सांगाडा तडकला असेल तरच समर्थनीय ठरते. एसयूचे सुटे भाग इंग्लंडमध्ये अद्याप तयार होतात.

अलीकडे या दुरुस्तीत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे व तिचा संबंध थेट उसाशी आहे. वेदगंगेकाठच्या मुरगूड (जि. कोल्हापूर) परिसरासारख्या भागांतील मुख्य पीक असलेल्या उसाच्या रसापासून व मळीपासून एथिल अल्कोहॉल (एथेनॉल) मिळते. भारतात २००३ पासून ते काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के मिसळले जाऊ लागले. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. अशा इंधनाच्या पूर्ण ज्वलनास १३·५ भागच हवा लागते. त्यामुळे जुन्या मापाच्या सुईवर मिश्रण विरल होते, एंजिन तापते व झडपांना इजा पोहोचू शकते. जेट थोडे खाली घेऊन किंवा अधिक संपन्न मिश्रण देणारी सुई घालून हा फरक भरून काढतात. टीसीसारख्या गाड्यांत जेटभोवती बुचाचे पॅकिंग असते; ते व जुन्या रबरी नळ्या अल्कोहॉलात टिकत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी फ्लुओरीनयुक्त रबराचे भाग घालावे लागतात.

अल्कोहॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पाणी पुरेसे साठले, की ते अल्कोहॉलासह पेट्रोलपासून वेगळे होऊन प्लवक-पात्राच्या (ज्यात तरंगता गोळा पेट्रोलची पातळी राखतो त्या भांड्याच्या) तळाशी बसते आणि जस्ताच्या मिश्रधातूचे भाग पांढरे पडून खाल्ले जातात. या कारणास्तव पावसाळ्यात गाडी उभी ठेवावयाची असल्यास पंप बंद करून पात्रातील पेट्रोल संपेपर्यंत एंजिन चालवितात.