शहरी रस्त्यांचे वाटप आणि खाजगी वाहनांवरील परावलंबन : विशेष संदर्भ – पुणे शहर

१. प्रस्तावना

पुणे हे एकेकाळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले जात असे. पेठांमधून कचेरी, कारखाना व महाविद्यालयाकडे जाणारा मोठा वर्ग सायकल वापरीत असे. आज त्याच रस्त्यांवर दुचाकी व मोटारींचे वर्चस्व आहे. हा बदल वाढते उत्पन्न आणि लोकांची आवड यांचा स्वाभाविक परिणाम होय, असे सामान्यतः मानले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. शहर ज्या साधनाला जागा देते, ते साधन वाढते. त्यामुळे खाजगी वाहनांवरील परावलंबन हा मूलतः रस्त्याच्या वाटपाचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात पुण्याच्या अनुभवाच्या आधारे या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

२. परावलंबन म्हणजे काय?

वाहन बाळगणे आणि वाहनावर अवलंबून असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरी मोटार असूनही बसने जाणे शक्य व सोयीचे असेल, तर तेथे परावलंबन नाही. याउलट पदपथ तुटलेला, सायकलला वाट नाही आणि बसची वेळ अनिश्चित अशी स्थिती असेल, तर कर्ज काढूनही दुचाकी घ्यावी लागते. बारावीनंतर मुलामुलींना दुचाकी घेऊन देणे हा अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांत जणू प्रवेशप्रक्रियेचाच भाग झाला आहे. वरवर ही हौस दिसते. प्रत्यक्षात तिच्यामागे पर्यायाचा अभाव असतो. वय, दृष्टिदोष, अपंगत्व किंवा दारिद्र्य यांमुळे ज्यांना वाहन चालवता येत नाही, त्यांना मात्र अशा शहरात हिंडणेफिरणेच दुरापास्त होते.

३. रुंदीकरणाचा भ्रम

कोंडी झाली की रस्ता रुंद करावा किंवा उड्डाणपूल बांधावा, हा प्रचलित उपाय आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले की, शहरातील द्रुतगती मार्ग वाढवले तरी गर्दीच्या वेळची कोंडी पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येते. रस्ता मोकळा झाला की वेळ बदलून, मार्ग बदलून वा बस सोडून नवी वाहने तेथे येतात. ड्युरांटन व टर्नर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी शहरांतील वाहनप्रवास महामार्गांच्या लांबीच्या जवळजवळ समप्रमाणात वाढल्याचे आढळले. या प्रक्रियेस 'प्रेरित मागणी' म्हणतात.

पुण्यातील विद्यापीठ चौक हे याचे बोलके उदाहरण आहे. तेथे २००० नंतरच्या दशकात बांधलेले उड्डाणपूल कोंडी सोडवू शकले नाहीत. मेट्रो व नव्या पुलाच्या आराखड्यात ते बसत नसल्याने २०२० मध्ये पाडण्यात आले. दोन दशकेही न टिकलेला हा खर्च केवळ अभियांत्रिकीच्या चुकीचा नव्हता. कोंडीकडे फक्त वाहनांच्या दृष्टीने पाहण्याची सवयही त्याच्या मुळाशी होती.

४. सार्वजनिक वाहतुकीचे दुष्टचक्र

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यांचे नियोजन वाहनांसाठी नव्हे, तर माणसांसाठी व्हावे, असे तत्त्व स्वीकारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी राखीव मार्गिकेचा प्रयोग सुरू झाला. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड येथील बससेवांचे एकत्रीकरण होऊन पीएमपीएमएल स्थापन झाली.

या मार्गिकेमागील गणित साधे आहे. बस रस्त्यावर साधारण तीन मोटारींइतकी जागा व्यापते. परंतु तेवढ्या जागेत ती चाळीस-पन्नास प्रवासी नेऊ शकते. मात्र मार्गिकेत इतर वाहने शिरली की बस कोंडीत अडकते. मग तिला उशीर होतो, प्रवासी दुचाकी घेतात आणि कोंडी आणखी वाढते. शेवटी मार्गिकाच निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढला जातो. २०२३ मध्ये नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग काढून टाकण्यात आला, तेव्हा हेच वर्तुळ पूर्ण झाले. ६ मार्च २०२२ पासून धावू लागलेल्या मेट्रोलाही हा धोका आहे. स्थानकापर्यंत सुरक्षित चालत जाता येत नसेल, तर प्रवासी घरूनच वाहन काढतो.

५. वाहनसंस्कृतीची किंमत

शासकीय आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील, तर १९.५ टक्के पादचारी होते. म्हणजेच मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींभोवती कोणतेही लोखंडी कवच नव्हते. तरीही अपघातानंतर पहिला प्रश्न 'तो रस्त्यात आला कसा?' असाच विचारला जातो. रस्ता वाहनांचा आणि चालणारा उपरा, हे गृहीतक त्यामागे असते.

सामाजिक हानी मोजणे अधिक कठीण आहे. डोनाल्ड अॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील रस्त्यांचा अभ्यास केला. कमी रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांना तेथे सुमारे तिप्पट मित्र असल्याचे त्यांना आढळले. वाड्याचा ओटा, गल्लीतील खेळ आणि पारावरील गप्पा यांच्या ऱ्हासाकडे या दृष्टीनेही पाहता येईल.

६. बदल शक्य आहे काय?

नेदरलँड्समध्ये १९७१ या एकाच वर्षी ३,००० हून अधिक लोक रस्त्यावर मरण पावले. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. 'बालहत्या थांबवा' या नावाने पालकांनी आंदोलन उभारले आणि सायकलमार्गांच्या धोरणाला चालना मिळाली. स्टॉकहोममध्ये २००६ साली गर्दी शुल्काचा प्रयोग झाला. शुल्कक्षेत्रात ये-जा करणारी रहदारी सुमारे २० टक्क्यांनी घटली. आरंभी विरोधात असलेल्या नागरिकांनी त्याच वर्षीच्या सार्वमतात त्यास बहुमताने पसंती दिली. लाभ अनुभवास आल्यावर मत बदलते, हे यावरून दिसते.

पुण्यातही जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करण्यात आले. मात्र २०१८ मध्ये मंजूर झालेल्या सशुल्क वाहनतळ धोरणाची व्याप्ती विरोधानंतर मोजक्या रस्त्यांपुरती सीमित झाली. सार्वजनिक जागेवर विनामूल्य वाहन उभे करणे हा हक्क मानला जातो, तोवर चालणाऱ्याची जागा सुरक्षित होत नाही.

७. महाविद्यालयांची भूमिका

हा प्रश्न महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी थांबत नाही. एक मोटार उभी करण्यास सुमारे १२.५ चौरस मीटर जागा लागते. ये-जा करण्याची वाट सोडली, तरी पाच मोटारींची जागा साठ विद्यार्थ्यांच्या वर्गखोलीइतकी भरते. ही जागा बहुधा मोफत दिली जाते. बसने येणाऱ्यास मात्र साधा निवाराही नसतो. तासिकांचे वेळापत्रक बसच्या वेळांशी जुळवणे, प्रवेशद्वारापर्यंतच्या पदपथाचे विद्यार्थ्यांकडून सर्वेक्षण करून ते महानगरपालिकेस सादर करणे आणि वाहनतळाइतकेच लक्ष सायकलतळाकडे देणे, ही कामे अल्प खर्चात होऊ शकतात.

८. समारोप

खाजगी वाहनांविषयी नैतिक उपदेश केल्याने परावलंबन कमी होत नाही. सुरक्षित व वक्तशीर पर्याय मिळाला तरच ते कमी होते. त्यासाठी पैशाइतकीच गरज आहे ती मर्यादित रस्त्याची वाटणी माणसांच्या संख्येनुसार करण्याच्या निर्णयाची. पुण्याची सायकल केवळ लोकांच्या आवडीमुळे गेली नाही. तिच्याखालची जागा काढून घेतली गेली. ती जागा परत देता येते.