व्यायामशाळेत माणूस टिकतो कशाने?

वसाहतीत सार्वजनिक व्यायामशाळा काढायची ठरली की समितीची पहिली बैठक ट्रेडमिल कोणत्या कंपनीची घ्यायची यातच संपते. सभासद टिकवायचे कसे, हा विषय निघतो तो सकाळची बॅच ओस पडू लागल्यावर. तोवर काही समजुती घट्ट बसलेल्या असतात.

सगळ्यात चिवट समजूत म्हणजे वर्षाची फी एकदम भरून घेतली की माणूस बांधला जातो. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला 70 डॉलरहून अधिक भरणारे सभासद सरासरी 4.3 वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरच्या वर. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप 10 डॉलरला पडली असती. त्याहून बोलका तपशील असा, की शेवटची हजेरी आणि सभासदत्व रद्द करणे यांत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ गेला होता. पैसे आपोआप कापले जात होते, माणूस केव्हाच गेला होता. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की आपुलकी मोजायची तर पावतीपुस्तक मिटा आणि हजेरीचं रजिस्टर उघडा.

दुसरी समजूत एकवीस दिवसांची. तेवढ्यात सवय लागते असं ठामपणे सांगितलं जातं आणि नव्या माणसाकडे ट्रेनरचं लक्ष जेमतेम तेवढेच दिवस राहतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 96 जणांवर केलेल्या अभ्यासात कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मध्यावरचा आकडा 66. व्यायामाची सवय खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा सावकाश जडली. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही, आणि हे नव्या सभासदाला कुणीतरी सांगायला हवं. चार दिवस खाडा झाला की अनेकजण संकोचानेच परत येत नाहीत. अशा वेळी ‘कुठे गायब होतात?’ असं सर्वांदेखत विचारणं त्यांना आणखी अवघडवतं. त्यापेक्षा ‘आज हलकंच करू’ म्हणत शेजारी उभं राहावं.

चकचकीत यंत्रं आणि एसी असल्याशिवाय लोक येत नाहीत, हेही खरं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून चालू आहे, दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून. तिथल्या मल्लखांबाला लागतो तो लाकडी खांब आणि एरंडेल. पण तिथे नवखं पोर पहिल्यांदा खांबाला विळखा घालतं तेव्हा कुणीतरी हात पुढे करून खाली उभं असतं, पाय कुठे सुटतोय ते सांगत. समर्थचे उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही माणसं घडवतात ती जवळीक कुठल्याही यंत्राने येत नाही.

याचा अर्थ साधनांकडे दुर्लक्ष चालेल, असा मात्र नाही. साडेसात किलोच्या डंबेलचा जोड महिनोन्महिने सापडत नाही, सायकलीवर ‘बंद आहे’चा कागद पिवळा पडतो, बाथरूमची फरशी निसरडी राहते. जुनं साधन लोक चालवून घेतात, बेफिकिरी नाही. साठीच्या काकूंना तर निसरडी फरशी एवढं एकच कारण घरी बसायला पुरतं.

आणि तक्रार करणारा सभासद म्हणजे डोकेदुखी, ही समजूतही सोडायला हवी. पंखा बंद असल्याचं जो तीनदा सांगतो, त्याला उद्याही यायचं असतं. पंखा दुरुस्त झाला की त्याला आवर्जून कळवा. एरवीही महिन्यातून एकदा रजिस्टर चाळून, दहा दिवस न दिसलेल्यांना फोन करा. तो ऑफिसातून फीच्या आठवणीसाठी जाऊ नये. त्यांचा गुडघा दुखतो हे ज्या ट्रेनरला ठाऊक आहे, त्यानेच तो करावा.