चिक्कीचा पाक आणि औषधाची गोळी

लोणावळ्याच्या स्टेशनावर गाडी थांबली कीं डब्यांतील निम्म्या प्रवाशांना चिक्कीची आठवण होते. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें ही चिक्की म्हणजे काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. कढईंत गूळ वितळतो, त्यांतील बहुतेक पाणी उडून जातें व पाकाचें उष्णतामान १४०-१५० अंश सेंटिग्रेडच्या आसपास चढतें. गार पाण्यांत सोडलेला थेंब कडक होऊन मोडला म्हणजे पाक झाला असें समजून त्यांत दाणे मिसळतात आणि ऊन आहे तोंच तो लाटतात. झपाट्यानें निवाल्यामुळें साखरेच्या रेणूंना स्फटिकाची शिस्तबद्ध रचना करण्यास सवड मिळत नाहीं. ते विस्कळित स्थितींतच जागच्या जागीं थिजतात. दाण्यांमधला तो कडक, चकचकीत भाग म्हणजे साखरेची कांच होय.

हीच युक्ति आज औषधांच्या कारखान्यांत फार मोलाची ठरली आहे. अनेक नवीं औषधें पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहींत. गोळी पोटांत जाऊनहि औषध रक्तांत पुरेसें उतरत नाहीं. म्हणून औषध व पॉलिमर यांची भुकटी तापविलेल्या नळींत सोडतात. नळींत शेजारीं शेजारीं फिरणारीं दोन मळसूत्रें ती मळतात, वितळवितात व पुढें ढकलतात. तोंडांतून बाहेर पडलेली कांडी निववून दळतात व तिच्या गोळ्या पाडतात. औषधाचे रेणू पॉलिमरांत सुटे सुटे अडकलेले असल्यानें पोटांत ते लवकर विरघळतात. यंत्र मूळचें प्लास्टिकच्या धंद्यांतलें. पण त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

कौशल्य आहे तें उष्णता राखण्यांत. ती कमी पडली तर स्फटिकांचे अवशेष उरतात व पुढें तेच नव्या स्फटिकांचें बीज होतात; अधिक झाली तर औषधच बिघडतें. शिवाय नळीच्या कांट्यावर विसंबून भागत नाहीं. मळसूत्रांचा वेग वाढविला कीं घर्षणानेंच माल तापतो व आंतील उष्णतामान कांट्याहून वर जातें. भरणा वाढविला तर माल नळींत थोडाच वेळ राहतो, पण नीट मिसळण्यासहि अवधि मिळत नाहीं. एक गोष्ट सांवरावी तों दुसरी बिघडते. म्हणून उष्णतामान, वेग व भरणा हीं तिन्ही एकत्र बदलून पाहण्याचा आराखडा आधीं आंखतात. मृदुकारक द्रव्य घातल्यास कमी उष्णतेंत काम होतें, परंतु तयार कांचहि लवकर सैल पडते. पावसाळ्यांत उघडी राहिलेली चिक्की चिकट होते ती याच कारणानें: हवेंतील ओल मृदुकारकाचेंच काम करते. सैल कांचेंत रेणू हालूं लागतात आणि औषध पुन्हा स्फटिकरूप होऊं शकतें.

स्फटिकानें केवढा घोटाळा होतो हें रिटोनाविर या एच्.आय्.व्ही.वरील औषधानें दाखविलें. तें १९९६ मध्यें अमेरिकेंत विक्रीस आलें. १९९८ मध्यें त्याचा एक नवा, कमी विरघळणारा स्फटिक अकस्मात् प्रकट झाला आणि कॅप्सूल बाजारांतून काढून घ्यावी लागली. पुढें लोपिनाविर व रिटोनाविर यांची जोड-कॅप्सूल निघाली, पण ती थंड ठेवावी लागे. २००५ मध्यें याच जोडीची वितळवून केलेली गोळी अमेरिकेंत मंजूर झाली. दिवसाच्या सहा कॅप्सूलांऐवजीं चार गोळ्या पुरूं लागल्या, आणि ज्या घरांत शीतकपाट नाहीं तेथेंहि त्या ठेवतां येऊं लागल्या.