चिक्कूंचं इंजिनिअरिंग

घोलवडचा चिक्कू सगळ्यांना आवडतो, हात आखडता ठेवणारा चिक्कू कुणालाच नाही. एम.टेक.च्या सेन्सर लॅबमध्ये मात्र या दुसऱ्या जातीला मोठा भाव आहे. इंटरनेट ऑफ थिंग्ज, पोरांच्या तोंडी नुसतं आयओटी, हा विषय माहितीपत्रकात फार देखणा दिसतो: निळ्या रेषा, काचेची शहरं, हसणारे रोबो. आत शिरल्यावर दोन वर्षं घोटून घेतात ती काटकसर. बाइट वाचवा, मिलिअँप वाचवा, सेन्सरला जागं कमी ठेवा, झोपवा जास्त. ठरावीक वेळेला येणाऱ्या पाण्यावर आणि लोकलच्या चौथ्या सीटवर वाढलेल्या मीरा-भाईंदरच्या पोरांना यात फारसं नवं काही वाटू नये. तरी काही गमती माहीत असलेल्या बऱ्या.

आळस झिंदाबाद

या विद्येचा श्रीगणेशा केला तो तहानलेल्या विद्यार्थ्यांनी. १९८२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड निकोल्स नावाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला कोकचं मशीन लांब पडायचं. पायपीट करून जावं तर मशीन रिकामं, नाहीतर नुकतंच भरलेलं आणि बाटली कोमट. त्याने मित्रांना हाताशी धरून मशीनला तारा जोडल्या आणि ते थेट नेटवर्कवर आणलं. कुठल्या रांगेत बाटली आहे, ती गार व्हायला पुरेसा वेळ आत राहिली आहे का, हे खुर्चीतून न उठता कळू लागलं.

१९९१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हाच आळस एक पायरी पुढे नेला. कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. भांड्यात कॉफी उरली आहे का, एवढाच प्रश्न! १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक परक्या गावातली कॉफी न्याहाळत बसले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. तेही बिघडलेलं.

कॉफीच्याही आधी, १९९० मध्ये, जॉन रॉम्की याने इंटरनेटवरून चालणारा टोस्टर प्रदर्शनात मांडला. पाव मात्र हाताने घालावा लागे. पुढच्या वर्षी तेवढ्यासाठी एक छोटी क्रेन बसवण्यात आली. एवढा खटाटोप पावाच्या एका तुकड्यासाठी, हे पाहून आपल्याकडच्या कुठल्याही आजीने कपाळावर हात मारला असता.

'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केव्हिन ॲश्टन याने १९९९ मध्ये दिलं. तो प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये होता आणि लिपस्टिकची एक खपणारी छटा दुकानांच्या फळीवरून सारखी गायब का असते, या कोड्याने त्याला पछाडलं होतं. मीरा-भाईंदर महानगरपालिका अस्तित्वात आली २८ फेब्रुवारी २००२ रोजी. म्हणजे नाव पालिकेपेक्षा मोठं आहे, फार नाही, तीनेक वर्षांनी.

गावाचं नाव महाग पडतं

'मीरा-भाईंदर' हे नाव संगणकात देवनागरीत लिहिलं तर किती जागा खातं? युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट, काना-वेलांटी-अनुस्वार वेगळे धरून. मधल्या रेघेला एक. एकूण ३१. आता लोरावॅन नावाचं दूर पल्ल्याचं, कमी विजेचं रेडिओ तंत्र घ्या. भारतातल्या रेडिओपट्ट्यात सर्वांत संथ गतीवर एका संदेशात जास्तीत जास्त ५१ बाइट मावतात आणि तो संदेश हवेत पावणेतीन सेकंद रेंगाळतो. गावाचं नाव लिहिलं की उरले २०, त्यात पाण्याची पातळी, तापमान आणि बॅटरीची तब्येत कोंबा. म्हणून पहिल्या सहामाहीतच नाव टाकून नुसता एका बाइटचा क्रमांक द्यायची सवय लावतात. लोरा हे मूळचं फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ या छोट्या कंपनीचं तंत्र. २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली.

यंत्राचं मृत्युपत्र

ॲश्टनने नाव दिलं त्याच १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला एक संदेशपद्धती रचली, एमक्यूटीटी. उपग्रहामार्फत माहिती पाठवायची, त्यात एकेक बाइटचे पैसे पडत. म्हणून संदेशाचा ठरलेला मथळा किमान दोन बाइटांवर आणून ठेवला. सेन्सर आपलं रीडिंग ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरकडे टाकतो आणि ज्यांनी आधी नाव नोंदवलंय त्यांनाच ते पोचतं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन पार्सल घेतो आणि ज्याचं त्याला देतो, तसंच.

मौज पुढे आहे. जोडणी करतानाच यंत्र ब्रोकरकडे आपलं मृत्युपत्र ठेवू शकतं. तंत्राच्या कागदपत्रांत त्याला खरोखरच 'विल' म्हणतात. 'मी न सांगता गप्प झालो, तर अमुक संदेश सर्वांना कळवा.' पावसात नाल्यावरचा सेन्सर बुडाला की त्याचं मृत्युपत्र आपोआप वाचलं जातं आणि लॅबमध्ये कुणाच्या तरी फोनवर टिंग वाजतं.

झोपेचा हिशेब

ईएसपी३२ ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या पिशवीत सापडते. वायफायवर पूर्ण जोराने बोलताना ती २४० मिलिअँपच्या घरात वीज ओढू शकते. गाढ झोपेत १० मायक्रोअँप. फरक चोवीस हजार पटींचा. २,००० मिलिअँप-तासांची बॅटरी सतत बोलणाऱ्या चिपला आठेक तास पुरते, सतत झोपणारीला कागदावर बावीस वर्षांहून जास्त. कागदावरच, कारण तोवर बॅटरी आपोआप म्हातारी होते.

आणि इथे प्रत्येक तुकडीत कुणीतरी फसतंच. कोड चोख, झोप गाढ, तरी बॅटरी ठरल्याच्या कितीतरी आधी खलास. गुन्हेगार असतो बोर्डावरचा तो चिमुकला लाल दिवा. चिपच्या झोपेपेक्षा कितीतरी पट जास्त वीज तो एकटा खातो. सिनिअर शांतपणे सोल्डरिंगची बंदूक उचलतात आणि दिवा उपटून टाकतात.

नसलेलं ६०० लिटर पाणी

मीरा-भाईंदरमध्ये मिनी प्रोजेक्टचा विषय शोधावा लागत नाही. पाणी! शहराला स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून पाणी येतं. सूर्या योजनेतून शहराच्या वाट्याला दिवसाला २१८ दशलक्ष लिटर धरलेलं आहे. साहजिकच गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजायची हौस सगळ्यांना. टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला, आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजला की झालं.

झालं नाही. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर, ३५ अंशांना सुमारे ३५२. कोडमध्ये ३४३ ठोकून बसवलं आणि मे महिन्यात टाकीतली हवा तापली, की दोन मीटरच्या अंतरात पाच सेंटिमीटरची गफलत होते. चार बाय तीन मीटरच्या टाकीत पाच सेंटिमीटर म्हणजे ६०० लिटर. सेन्सर छातीठोकपणे सांगतो पाणी आहे, नळ म्हणतो नाही. शेजारी दहा-वीस रुपयांचा तापमानाचा सेन्सर लावला तर भांडण मिटतं. पदवीला सेन्सर जोडायला शिकवतात. पदव्युत्तरला त्याच्यावर संशय घ्यायला शिकवतात, आणि माझ्या मते फीचे पैसे वसूल होतात ते इथेच.

खाऱ्या वाऱ्याचं एक फुकटचं व्याख्यानही भाईंदरला मिळतं. मिठागरं, खाजण, वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. बोर्डावर बसलेली मिठाची अदृश्य धूळ पावसाळ्यात अशी ओली होऊन चिपच्या दोन पायांमध्ये वीज वाहू देते, आणि सेन्सर मनाला येईल ते बोलू लागतो. हवेतली धूळ प्रकाशाने मोजणारे स्वस्त सेन्सरही दमट हवेत कण फुगल्यामुळे प्रदूषण वाढवून सांगतात. म्हणून बोर्डावर लॅकरचा लेप, म्हणून आयपी ६७ चा डबा. त्यातला सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तगेल.

मिठागरांच्या धंद्यात खाऱ्या पाण्याची तीव्रता पाहायला काचेचा तरंगणारा मापक वापरतात, बोमे मापक. ॲन्त्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने तो अठराव्या शतकात काढला. २५ अंशांच्या आसपास रीडिंग गेलं की मीठ बसू लागतं. बॅटरी नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही.

ट्राममुळे अलिबागला

नॉइज, म्हणजे मोजमापात शिरलेला गोंगाट, या विषयावर मुंबईजवळचं सर्वांत देखणं उदाहरण शंभर वर्षांहून जुनं आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे पृथ्वीचं चुंबकत्व नोंदलं जाई. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने जगभरच्या तारायंत्रांचा खेळखंडोबा केला, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण उमटली. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही ती नोंद काढून बसतात.

मग मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या विजेने चुंबकमापकं वेडीपिशी होणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी सरळ खाडीपलीकडे अलिबाग गाठलं. १९०४ मध्ये तिथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, बांधकामात चुंबकाला भुलवणारं लोखंड टाळून, खास पोरबंदरच्या दगडात. खरी हुशारी पुढेच. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्हींतला फरक कळला, जुनी मालिका नव्या जागेशी जुळली, मगच कुलाब्याचं काम थांबलं. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. आज एखादी विद्यार्थिनी स्वस्त सेन्सर महागड्या प्रमाणित यंत्राशेजारी महिनाभर ठेवते आणि प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण लिहिते, ते मूस यांचंच काम, आकाराने लहान.

अशी जपलेली आणखी एक मालिका मुंबईतच आहे: अपोलो बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदी, १८७८ पासूनच्या. हिंदी महासागरात इतकी जुनी मालिका क्वचित सापडते.

टोल नाक्यावरचा हेर

गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा अँटेना रेडिओलहरी फेकतो, त्याच लहरींतली ऊर्जा उचलून टॅग आपला क्रमांक सांगतो. लहरी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे वर आलेल्या लोरावॅनचाच शेजार. या बिनबॅटरीच्या कल्पनेचा पूर्वज चक्क हेर होता. १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेलं राजचिन्ह भेट दिलं. आत लिओन थेरेमिनने बनवलेला मायक्रोफोन. बाहेरून रेडिओलहर मारली की तो खोलीतलं बोलणं परत पाठवी. भिंतीवर सात वर्षं मिरवला, १९५२ मध्ये सापडला.

असाच अनपेक्षित पूर्वज ब्लूटूथलाही आहे. तो ज्या युक्तीने लहरींवरून उड्या मारतो, सेकंदाला १,६०० वेळा, त्या युक्तीच्या १९४२ च्या एका पेटंटवर हॉलिवूडची नटी हेडी लमार हिचं नाव आहे. जोडीला संगीतकार जॉर्ज अँथाइल, म्हणून वारंवारिता ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या.

बोटीवर, पुलावर

उत्तनच्या कोळ्यांना किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाइलची रेंज मिळत नाही. इस्रोने त्यासाठी उपग्रहावरून दुतर्फा छोटे संदेश पोचवणारा ट्रान्सपाँडर तयार केला. देशभरच्या एक लाख बोटींवर ते बसवायच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी शेजारच्या पालघरमध्ये झाली. वादळाचा इशारा बोटीकडे, मदतीची हाक किनाऱ्याकडे. इथेही अक्षरं मोजूनमापून.

कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं लावली आहेत, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराची पातळी मोजणारी. गणपतीला गावी जाताना पानवलला गाडी रेंगाळली तर गाडीच्या चालकाला नावं ठेवण्याआधी वाऱ्याकडे पाहावं.

मिराई, मीरा नव्हे

२०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरात अर्ध्या अमेरिकेची इंटरनेटची तारांबळ उडवली. मीरा रोडशी संबंध नाही, नाव जपानी आहे. युक्ती अगदी साधी: कारखान्यातून येतानाचे साठेक ठरावीक पासवर्ड एकेक करून लावून पाहायचे. बनवणारे कॉलेजवयीन तिघे, आणि सुरुवात माइनक्राफ्ट खेळातल्या धंद्याच्या भांडणातून. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा पासवर्ड अजून १२३४५ असेल तर आजच्या मीटिंगमध्ये तो विषय घ्याच.

दाराशी

एम.टेक.च्या प्रवेशाची वाट गेट नावाच्या परीक्षेतून जाते: तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, गुणपत्रक तीन वर्षं चालतं. इलेक्ट्रॉनिक्सवाले ईसी पेपर देतात, इन्स्ट्रुमेंटेशनवाले आयएन, आणि सेन्सरचा अभ्यासक्रम या दुसऱ्यात जास्त भरतो. गेट देऊन एम.टेक.ला गेलेल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, मुंबईत त्यावर जगणं हा स्वतंत्र संशोधनाचा विषय. दोन वर्षं नको असतील तर सी-डॅकचा आयओटीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, सहाएक महिन्यांत ९०० तास, प्रवेश सी-कॅट परीक्षेने. ९०० तासांत चहाची सुट्टी धरलेली नाही, असं तिथून बाहेर पडलेले सांगतात.

प्रयोगशाळा कुठलीही असो, सामान आणायला पश्चिम रेल्वेच्याच ग्रँट रोडला उतरायचं. लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते, म्हणजे अलिबागची वेधशाळा आणि विजेची ट्राम दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीतल्या. दुकानदार विचारतो, "किती देऊ?" प्रोजेक्टला एक सेन्सर लागत असेल तर तीन घ्यावेत: एक पहिल्याच रात्री उलटी तार लागून जळतो, दुसरा मित्र मागून नेतो.