खात्यापित्या घरचें पोट

आमच्या नाशकांत कोणी अंगानें भरला कीं ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ असें कौतुकानें म्हणतात. २०२१ च्या एप्रिलांत, प्राणवायूसाठीं लोक दारोदार फिरत होते तेव्हां, अशाच घरच्या आमच्या एका चाळिशीच्या स्नेह्यांस करोनानें गांठलें. ना दमा, ना व्यसन. डॉक्टरांनीं पालथें निजावयास सांगितलें. पण पोटामुळें तेंहि धड साधेना. त्याच घरांतील त्यांचे साठीचे सडपातळ चुलते चार दिवस तापानें निजले आणि उठले.

एका घरावरून सिद्धांत बांधूं नये हें खरें. परंतु २००९ सालीं स्वाइन फ्ल्यूची साथ आली तेव्हांच डॉक्टरांच्या ध्यानीं आलें होतें कीं, अत्यवस्थ रुग्णांत स्थूल माणसांचा भरणा विशेष असतो. करोनानें तेंच पुनः दाखविलें. पोटांतील चरबी श्वासपटलास वर रेटते. उताणें निजलें कीं फुप्फुसांचा खालचा भाग पुरता उघडत नाहीं, आणि त्यांत विषाणूची सूज आली म्हणजे श्वासास शिल्लक अशी उरत नाहीं. शिवाय चरबी म्हणजे डब्यांत निमूट थिजलेलें तूप नव्हे. ती दाह वाढविणारीं द्रव्यें रक्तांत सोडीत असते. मग शरीर विषाणूस आरंभीं अडविण्यांत मंद पडतें आणि मागाहून भलतेंच खवळतें.

‘आमचें वजन तर बेताचें आहे,’ असें कित्येक वाचक म्हणतील. त्यांनीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें उदाहरण पाहावें. ते व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु अंगांतील चरबी युडकिन यांची शेंकडा ९, याज्ञिकांची २१! म्हणूनच आपल्या लोकांसाठीं कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर धरितात. वजनकांट्यापेक्षां शिवणाच्या डब्यांतली टेप येथें अधिक खरें बोलते. (उपासाच्या साबुदाणा-खिचडीचाहि हिशेब तींत येतो, हें गृहिणींनीं रागावूं नये!)

आमचे स्नेही सत्तावीस दिवसांनीं घरीं आले. हल्लीं ते रोज पहाटे पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढतात. परवां त्यांनीं कंबरेचा पट्टा दाखविला. त्यास तीन भोकें नवीं पाडावीं लागलीं होतीं. त्यांच्या मातोश्री मात्र ‘मुलगा वाळला हो!’ म्हणून अजून हळहळतात.